प्रकरण ७ : परीक्षा शिक्षकाची, जबाबदारी शाळेचीही

शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "मला नोकरीवर घेतलं शाळेनं. माझे कागद तपासले शाळेनं. वीस वर्षं वर्ग सोपवला शाळेनं. मग आता टीईटी पास झाले नाही तर घरी जायचं ते मी एकटीनंच का?" पालकांचाही असाच एक प्रश्न असतो, फक्त तो दुसऱ्या टोकाकडून येतो : "आमच्या मुलाला शिकवणाऱ्या बाई पात्र आहेत की नाहीत, हे बघायचं काम कोणाचं?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. पात्रता शिक्षकाच्या नावावर असते. पण पात्र माणूस नेमणं, त्याची पात्रता वेळेत पूर्ण होईल अशी व्यवस्था करणं आणि तिची नोंद सरकारदरबारी पोचवणं ही नेमणाऱ्याची कामं आहेत. बेस्टच्या बसचालकाचं लायसन्स त्याच्या स्वतःच्या नावावर असतं; पण ते न बघता डेपोनं त्याच्या हाती बस दिली, तर चूक एकट्या चालकाची म्हणता येत नाही. शाळेत मात्र ही दुसरी बाजू आपण सहसा विसरतो.

१. नेमणारा म्हणजे नेमका कोण?

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात, शिक्षकाचा मालक एकाच प्रकारचा नसतो. ढोबळमानानं तीन प्रकार धरू.

पहिला, बृहन्मुंबई महानगरपालिका. इथं नेमणारी पालिका. शाळांवर रोजचं लक्ष वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकाऱ्याचं (शाळा). अंधेरीला के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य, घाटकोपरला एन, मुलुंडला टी वॉर्ड.

दुसरा, खासगी अनुदानित शाळा. नेमणूक संस्था करते, पगार सरकार देतं. म्हणून इथं संस्थेच्या सहीला एकटीला अर्थ नसतो. शिक्षण खात्याची मान्यता मिळाली तरच पगार सुरू होतो. माध्यमिक शाळांसाठी इतर जिल्ह्यांत जे काम शिक्षणाधिकारी करतात, ते मुंबईत शिक्षण निरीक्षक करतात. अंधेरी-बोरिवली पश्चिम विभागात येतात, घाटकोपर-मुलुंड उत्तर विभागात.

तिसरा, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा. नेमणूक संस्थेची, पगारही संस्थेचा. उपनगरांतल्या बहुतेक नव्या इंग्रजी शाळा याच गटातल्या.

तिसऱ्या गटाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : "सरकारचं अनुदान नाही, म्हणून सरकारचे सेवानियम नाहीत." हे खरं नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा अनुदान मिळो वा न मिळो, राज्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे. शाळांच्या कार्यालयांत त्याला 'एमईपीएस' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

२. पात्रता म्हणजे किती पायऱ्या?

पहिली ते आठवीच्या शिक्षकाचा विचार करू. त्याच्या वाटेत चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी ही पहिली. जुनं डी.एड., आताचं डी.एल.एड., किंवा बी.एड. हे शिक्षण आहे. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं.

शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही दुसरी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचना काढून ती आणली. राज्यात ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. आरक्षित गटांना ५५ टक्के. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते आयुष्यभर चालतं.

अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, ही तिसरी. नाव टीईटीसारखंच ऐकू येतं, काम वेगळं. टीईटी सांगते की हा माणूस शिक्षक होण्यास पात्र आहे. टेटचे गुण 'पवित्र' पोर्टलवरच्या भरतीत क्रम लावण्यासाठी वापरतात. टीईटीत पास-नापास असतं, टेटमध्ये फक्त गुण.

वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी ही चौथी. शिक्षकाच्या हातात पदवी आहे, टीईटी आहे, नेमणुकीचा आदेशही आहे. तरी अनुदानित शाळेत संस्थेनं प्रस्ताव पाठवून शिक्षण खात्याकडून त्याच्या नावाची मान्यता आणावी लागते. त्यानंतर वेतनप्रणालीत क्रमांक मिळतो आणि पगार निघतो.

यातल्या पहिल्या तीन पायऱ्या शिक्षक स्वतः चढतो. चौथी त्याला चढताच येत नाही. तो अर्ज करतो, विनवतो, कार्यालयात खेटे घालतो. पण प्रस्तावावर सही संस्थेच्या सचिवांची आणि मुख्याध्यापकांचीच लागते. नेमणाऱ्याची जबाबदारी कुठून सुरू होते हे या पायरीवर सर्वांत स्वच्छ दिसतं.

३. कायद्यानं ओझं कोणाच्या खांद्यावर ठेवलं?

एमईपीएस कायद्याच्या कलम ५ची सुरुवातच व्यवस्थापनापासून होते. कायम पद रिकामं झालं की व्यवस्थापनानं ते रीतसर पात्र व्यक्ती नेमून शक्य तितक्या लवकर भरावं. म्हणजे अपात्र माणूस नेमला गेला, तर पहिला प्रश्न नेमणाऱ्याला विचारला पाहिजे. नेमण्याआधी एखादा अतिरिक्त ठरलेला शिक्षक उपलब्ध आहे का, हेही खात्याला विचारायचं असतं.

याच कायद्याखालच्या १९८१च्या नियमांत मात्र एक वेगळी वाट ठेवलेली होती. प्रशिक्षित पदवीधर मिळत नसेल, तर परवानगीनं अप्रशिक्षित पदवीधर वर्षावर्षाच्या बोलीवर नेमता येई. अट अशी की त्यानं प्रशिक्षण आपल्या खर्चानं पूर्ण करायचं आणि प्रशिक्षित माणूस मिळताच त्याची नोकरी जाऊ शकते. त्या काळचा विचार यातून कळतो : गरज शाळेची, धोका आणि खर्च शिक्षकाचा.

शिक्षण हक्क कायद्यानं हा तोल बदलला. १ एप्रिल २०१० रोजी तो लागू झाला. त्या दिवशी नोकरीत असलेल्या, पण किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांना पाच वर्षांची मुदत मिळाली. केंद्र सरकारच्या २०१०च्या नियमांनी पुढचं पाऊल टाकलं. सरकारी शाळांतल्या अशा शिक्षकांसाठी प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी सरकारनं उभ्या करायच्या आणि खासगी शाळांतल्या अशा शिक्षकांना पात्रता मिळवता येईल अशी व्यवस्था शाळेच्या व्यवस्थापनानं करायची. हा नियम त्या वेळच्या शिक्षकांपुरता आणि त्या मुदतीपुरता होता. तरी नेमणाऱ्यानं नुसतं वाट बघत बसायचं नाही, हे तत्त्व त्यात प्रथमच स्पष्टपणे लिहिलं गेलं.

मुदत संपली तेव्हा देशभर लाखो शिक्षक अजून अप्रशिक्षित होते. म्हणून २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ ही शेवटची तारीख ठरली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं त्यासाठी दूरस्थ डी.एल.एड. चालवलं, सुमारे १५ लाख शिक्षकांनी त्यात नाव नोंदवलं. ज्या शिक्षकाच्या शाळेनं वेळेत माहिती दिली आणि कागद पडताळून दिले, त्याला ही गाडी पकडता आली.

४. १ सप्टेंबर २०२५ नंतर काय बदललं?

या तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात निकाल दिला. त्याचा गाभा असा. शिक्षण हक्क कायदा येण्याआधी नेमलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल, तर निकालापासून दोन वर्षांत पास व्हायचं; नाही तर सेवा सोडावी लागेल; ती सक्तीच्या निवृत्तीनं सुटली, तरी नियमानुसार देय निवृत्तिलाभ मिळतील. पाच वर्षांहून कमी अवधी असेल, तर टीईटीविना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती हवी तर टीईटी लागेलच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयानं मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

एक हिशोब करून पाहू. घाटकोपरच्या एका अनुदानित शाळेतल्या दोन शिक्षिका धरा. उदाहरण रचलेलं आहे. दोघी १९९० च्या दशकात लागल्या. निवृत्तीचं वय ५८.

पहिलीचा जन्म जून १९७३चा. निवृत्ती ३० जून २०३१ला. १ सप्टेंबर २०२५पासून मोजले तर ५ वर्षं १० महिने. म्हणजे टीईटी बंधनकारक, मुदत साधारण १ सप्टेंबर २०२७.

दुसरीचा जन्म जानेवारी १९७२चा. निवृत्ती ३१ जानेवारी २०३०ला. उरले ४ वर्षं ५ महिने. नोकरी सुरक्षित. पण मुख्याध्यापकपद पुढच्या वर्षी रिकामं होणार असेल आणि ज्येष्ठतेनं पाळी तिची असेल, तर टीईटीशिवाय ते मिळणार नाही.

हा हिशोब प्रत्येक शिक्षिकेनं घरी बसून करायचा की शाळेनं सगळ्यांच्या सेवापुस्तकांवरून एका दिवसात करायचा? सेवापुस्तकं कार्यालयात असतात. जन्मतारखा, नेमणुकीच्या तारखा, ज्येष्ठता यादी, सगळं तिथंच आहे. एका दिवसात होणारं हे काम ज्या शाळेनं केलं नाही, तिथल्या शिक्षकांना आपली मुदत व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमधून कळते.

५. शाळेनं करायची पाच कामं

तपासणी हे पहिलं काम. पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून, टीईटीचं प्रमाणपत्र परीक्षा परिषदेकडून पडताळून घ्यायचं. एक साधी खूण लक्षात ठेवावी : पूर्णवेळ नियमित बी.एड.चा काळ आणि अंधेरीतल्या शाळेच्या हजेरीपटावरचा पूर्णवेळ नोकरीचा काळ एकच दिसत असेल, तर दोन्ही कागद एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. मूळ प्रमाणपत्रं पाहून, प्रती ठेवून, लगेच परत द्यायची. ती कपाटात अडकवून ठेवणं म्हणजे पडताळणी नव्हे. त्यानं शिक्षक फक्त बांधला जातो.

दुसरं, लेखी सांगणं. कोणती पात्रता कमी आहे, ती कोणत्या तारखेपर्यंत हवी, न मिळाल्यास काय होईल, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहावं. 'पुढे बघू' या तोंडी आश्वासनावर उपनगरांत पुष्कळ नोकऱ्या उभ्या राहिल्या आणि तितक्याच तोंडी संपल्या.

तिसरं, वेळ. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथं, प्रस्ताव. वैयक्तिक मान्यता, शालार्थ आयडी, शिक्षण सेवकाला नियमित वेतनश्रेणीत घेणं, यांतलं प्रत्येक काम संस्थेच्या प्रस्तावावर अडतं. शिक्षण सेवक ही योजना राज्यात २००० पासून आहे. तीन वर्षं ठरावीक मानधन, मग नियमित श्रेणी. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. मुंबईत घरभाडं देऊन या रकमेत जगणाऱ्याचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला, तर पुढचे कित्येक महिने तो त्याच मानधनावर राहतो. त्रुटी बहुतेक वेळा कार्यालयीन असते : एक सही, एक ठराव, बिंदुनामावलीची (आरक्षणाच्या नोंदवहीची) एक प्रत.

पाचवं, नोंद. प्रशिक्षण झालं, परीक्षा पास झाली, की त्याची नोंद सेवापुस्तकात त्याच महिन्यात व्हावी. दहा वर्षांनी ती शोधताना मुख्याध्यापक बदललेले असतात आणि लिपिक निवृत्त झालेला असतो.

६. पैशांहून महाग गोष्ट : वेळ

टीईटीचं परीक्षाशुल्क शिक्षकाला कसंबसं परवडतं. परवडत नाही तो वेळ.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितलं आहे आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. सकाळी ७ ते साडेबारा अशी शाळा सहा दिवस भरली, तर ३३ तास होतात. उरलेले १२ तास कागदावर तयारीचे. प्रत्यक्षात त्यांत वह्या, पोर्टलवर भरायची माहिती, बदली तासिका आणि सरकारी कामं जाऊन बसतात. त्यातून उपनगरांतल्या अनेक शाळांतला शिक्षकवर्ग राहतो विरार-नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवली-बदलापूरला. त्याचे दोन-तीन तास रोज लोकलमध्ये जातात.

सरकारी कामांचंही गणित इथंच मांडलं पाहिजे. कलम २७ शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायला मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे अपवाद ठेवतं. जनगणनेचे दोन टप्पे २०२६ आणि २०२७ मध्ये येतात, म्हणजे टीईटीच्या दोन वर्षांच्या मुदतीच्या ऐन मध्यात. हे काम शाळेला नाकारता येत नाही. मात्र ज्याची मुदत चालू आहे त्याला शाळेतली स्नेहसंमेलनं, सहली आणि समित्या त्या वर्षापुरत्या माफ करणं पूर्णपणे शाळेच्या हातात आहे.

समजा, शाळेनं अशा शिक्षकाला आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका मोकळ्या दिल्या. आठवड्याची ७० मिनिटं, ३५ आठवड्यांची २,४५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ४१ तास. टीईटीच्या पेपर एकमध्ये पाच भाग असतात : बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुणांचे. भागाला आठ तास आले. रोज मराठी आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंना ते दोन भाग फारसे जड जाणार नाहीत. त्यांचे तास गणिताकडे आणि बालमानसशास्त्राकडे वळवता येतील. शाळेतलेच गणिताचे सर शनिवारी अर्धा तास बसले, तर बाहेरच्या क्लासची गरजही कमी होते. हे सगळं एका बदललेल्या वेळापत्रकात बसतं.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. तिथं सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाचा उमेदवारीचा काळ दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी त्याच्या तासिका १० टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी कमी करणं शाळेवर बंधनकारक आहे. शिवाय एक अनुभवी मार्गदर्शक द्यावा लागतो. आठवड्याला ३० तासिका असतील, तर पहिल्या वर्षी तीन तासिका मोकळ्या. आपल्या शिक्षण सेवकाचा काळ त्याहून एक वर्ष मोठा आहे, पण त्यात वेळापत्रकाची अशी सूट नाही. नवा म्हणून उलट त्याच्याच वाट्याला बदली तासिका जास्त येतात.

७. पास झाल्यावर काम संपतं का?

संपत नाही. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. निवडश्रेणीला पदसंख्येची मर्यादाही आहे. या प्रशिक्षणासाठी सेवेची माहिती शाळेनं खरी आणि वेळेत दिली पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं.

हे ५० तास कुठून काढायचे, हा पुन्हा शाळेचाच प्रश्न आहे. उपनगरांत साधनं कमी नाहीत. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जुहूला एसएनडीटीचा परिसर, विद्याविहारला सोमय्या संकुल. घाटकोपरहून यांतलं एकही ठिकाण दिवसभराच्या प्रवासाचं नाही. कमी पडतो तो त्या दिवशी वर्ग सांभाळणारा माणूस, आणि तो फक्त मुख्याध्यापकच देऊ शकतात.

८. शाळेनं जे करू नये

जबाबदारीला मर्यादाही आहेत. शाळा शिक्षकाच्या जागी परीक्षा देऊ शकत नाही आणि अपात्र माणसाला प्रेमापोटी कायम करू शकत नाही. त्यात नुकसान मुलांचं आहे. पण अपात्रतेचा धाक दाखवून त्याला दर जूनला नवा आणि दर एप्रिलला जुना करत राहणं, कमी पगारावर सही घेणं, एका फोनवर "उद्यापासून येऊ नका" म्हणणं, हेही शाळेच्या अधिकारात येत नाही. सेवेतून काढल्या गेलेल्या कर्मचाऱ्याला एमईपीएसच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. मुदत छोटी आहे, म्हणून आदेश लेखी मागून घ्यावा आणि मिळाल्याची तारीख जपावी.

९. मुलाखतीला जाताना विचारायचे चार प्रश्न

मुलाखतीत शाळा उमेदवाराला प्रश्न विचारते. उमेदवारानंही चार विचारावेत. पद मंजूर आहे का आणि अनुदानित आहे का? माझ्या मान्यतेचा प्रस्ताव नेमणुकीनंतर किती दिवसांत जाईल आणि त्याची पोच मला मिळेल का? माझी एखादी पात्रता कमी असेल तर मुदत आदेशात लिहाल का? परीक्षेच्या आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची रजा कोणत्या खात्यात धराल?

पालकांनीही प्रवेशाच्या वेळी मैदान आणि स्मार्ट बोर्डाबरोबर एक गोष्ट विचारावी : शिक्षकांपैकी किती जण पूर्ण पात्र आहेत आणि उरलेल्यांसाठी शाळा या वर्षी काय करते आहे? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक शाळा आकड्यात देतील. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर ज्या शाळेला वेळापत्रक दाखवून देता येतं, तिनं आपली जबाबदारी ओळखली आहे.